चाळिशीला टेकलेला हौशी ड्रायव्हर २४ तासांच्या रेसमध्ये नेमकं करतो काय?

पांडवलेणी_एक्सप्रेस

मंडळी नमस्कार. मोटरस्पोर्ट म्हटलं की इथे एफ१ च्या पलीकडे कुणी जात नाही म्हणून हा धागा काढतोय. निमित्त असं की अंबडला ज्यांच्याकडे मी डिझाईनचं काम बघतो ते साहेब, वय ३९, स्वतःचं शीटमेटलचं युनिट, त्यांनी परवा कँटीनमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं की मला पंचेचाळिशीच्या आत २४ तासांची रेस चालवायचीये. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या नियमातच लिहिलंय की गाडीत एक हौशी माणूस बसलाच पाहिजे, असा दुसरा मोठा खेळ मला तरी माहीत नाही.

थोडक्यात सांगतो. एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, ड्रायव्हर लोकांना चार गटांत टाकते, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्रॉन्झ. ढोबळमानाने ज्याने तिशी उलटल्यावर पहिलं लायसन्स काढलं आणि ज्याला सिंगल सीटरचा (एफ१ सारख्या एका सीटच्या उघड्या गाडीचा) फारसा अनुभव नाही तो ब्रॉन्झ. वर्ल्ड एन्ड्युरन्स (डब्ल्यूईसी) म्हणजे लांब पल्ल्याच्या रेसची वर्ल्ड चॅम्पियनशिप, तिच्या एलएमजीटी३ क्लासमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या गाड्यांत, गाडीमागे तीन ड्रायव्हर असतात आणि त्यातला एक ब्रॉन्झ लागतोच. त्यातली सगळ्यात मोठी रेस म्हणजे फ्रान्समधली २४ तासांची ले मान्स, तिथे त्या ब्रॉन्झने २४ पैकी किमान ६ तास स्वतः चालवायची, म्हणजे पैसे भरले, दारावर नाव रंगवलं, फोटो काढला आणि गाडी प्रोच्या ताब्यात दिली हे चालत नाही.

आता असल्या माणसाचं करिअर दिसतं कसं ते बघायचं तर टेक्सासचा बेन कीटिंग बघा. धंदा गाड्यांच्या डीलरशिपचा, डॉज व्हायपर विकण्यात जगात पहिला नंबर. बायकोने ख्रिसमसला ट्रॅकवर गाडी चालवायचं गिफ्ट दिलं आणि तिथून हा किडा चावला. २०१५ ला अमेरिकेतल्या डेटोनाच्या २४ तासांत व्हायपर घेऊन जीटीडी क्लास जिंकला, त्याच वर्षी ले मान्सलाही व्हायपरच घेऊन गेला. २०१९ ला स्वतःच्या टीमची फोर्ड जीटी घेऊन ले मान्सला जीटीई-एममध्ये (एलएमजीटी३ च्या आधीचा हौशींचा क्लास) पहिला आला, पोडियमवर चढला, शॅम्पेन उडाली, आणि मग तपासणीत निघालं की पूर्ण टाकी भरायला कमीत कमी ४५ सेकंद लागले पाहिजेत असा नियम असताना यांची ४४.४ सेकंदात भरतेय. त्याची ५५.२ सेकंदांची पेनल्टी बसली आणि पहिला नंबर गेला. तेवढ्यावर भागलं नाही, टाकीत ९६ लिटरची मर्यादा असताना ९६.१ लिटर मावतंय म्हणून शेवटी डिस्क्वालिफाय. शंभर मिली! आपल्याकडे पंपावर शंभर मिली कमी भरलं तर कळतसुद्धा नाही.

दुसरा कुणी असता तर दुकान बंद करून घरी गेला असता. हा २०२२ ला अॅस्टन मार्टिनमध्ये परत आला आणि क्लास जिंकला, २०२३ ला कॉर्व्हेटमध्ये परत जिंकला, आणि त्या २०२३ च्या रेसमध्ये सुरुवातीलाच डॅम्परच्या (शॉक अॅब्सॉर्बरच्या) दुरुस्तीत दोन लॅप गेलेले असताना जिंकला. दोन्ही वर्षी चॅम्पियनशिपही त्याचीच. आणि हे सगळं करताना गाडी विकायचा धंदा चालूच.

तर प्रश्न असा की हे फक्त पैशाचं काम आहे का, आणि नाशिकसारख्या ठिकाणी बसलेल्या माणसाने सुरुवात तरी कुठून करायची. लिहा.

खान्देशी_तडका

ना भो, सरळ लिहा ना की पैसेवाल्यांचे चोचले आहेत. डीलरशिपचा मालक म्हणे हौशी. आमच्याकडे हौशी म्हणजे गणपतीत नाटकात काम करणारा, घरून डबा घेऊन जाणारा. गाडी केवढ्याची असते ते आधी सांगा मग पुढचं बोलू.

पांडवलेणी_एक्सप्रेस

@खान्देशी_तडका सांगतो ना. पोर्शेने २०२२ ला नवीन ९११ जीटी३ आर ही याच क्लासची रेस कार जाहीर केली तेव्हा किंमत होती ५,६७,००० युरो, कर वेगळे. म्हणजे आजच्या दराने पाच कोटींच्या वर आणि हा फक्त लोखंडाचा भाव झाला, टायर, इंजिनिअर, ट्रक, स्पेअर, एन्ट्री फी हे सगळं त्याच्यावर. त्यामुळे पैसा लागतो हे शंभर टक्के मान्य. पण बहुतेक हौशी लोक गाडी विकत घेत नाहीत, टीमकडे सीट भाड्याने घेतात आणि टीमचा बराचसा खर्च त्या एका सीटवर निघतो, प्रो ड्रायव्हरचा पगारसुद्धा. हौशी माणूस नसेल तर या क्लासमधल्या अर्ध्या टीमा उद्या शटर ओढतील.

गोदाकाठ

२०१९ च्या त्या किश्शात एक गंमत राहिली. कीटिंगची गाडी बाद झाल्यावर जीटीई-एम कुणाला मिळालं? प्रोजेक्ट १ च्या पोर्शेला. आणि त्यातला हौशी ड्रायव्हर कोण तर एजिदिओ परफेत्ती. आडनाव वाचल्यासारखं वाटतंय ना? मेंटॉस, अल्पेनलिबे, सेंटर फ्रेश, त्याच परफेत्ती घराण्यातला. म्हणजे आपण शाळेबाहेर जे आठ आणे-रुपया देत होतो त्यातला काही भाग ले मान्सला पोचलाय असं समजायला हरकत नाही :)

खान्देशी_तडका

हे मात्र भारी ए. म्हणजे मी पण स्पॉन्सर.

मायको_सर्कल

तुम्हा मुलांचं वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. मी सातपूरला मायकोत उभी हयात काढली, आता तिला सगळे बॉश म्हणतात पण सर्कलचं नाव अजून मायकोच आहे. आम्ही डिझेलचे नोझल करायचो. नोझलमधली सुई आणि तिची बॉडी यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची, जोडी लावून लॅप केलेली म्हणजे एकमेकांत घासून जुळवलेली, एकीची सुई दुसऱ्या बॉडीत घातली तर चालणार नाही. हातात धरून सुई अर्धी बाहेर काढून सोडली की स्वतःच्या वजनाने सावकाश खाली गेली पाहिजे, अडकली तरी रिजेक्ट, धपकन पडली तरी रिजेक्ट. नवीन पोरांना आधी हेच शिकवायचो.

२००६ ला ऑडीने ले मान्स डिझेलवर जिंकली तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला केवढा आनंद झाला होता. आर१० टीडीआय, साडेपाच लिटरचं व्ही१२, कॉमन रेल बॉशचं, प्रेशर १६०० बारच्या वर. डिझेलने ती रेस जिंकायची ती पहिलीच वेळ. ते पार्ट काही आमच्याकडे झालेले नव्हते, ते काम जर्मनीचं, पण विषय आमचा होता ना. लोक म्हणायचे डिझेल म्हणजे ट्रॅक्टर. त्या दिवशी ट्रॅक्टर जिंकला.

आणि त्या गाडीशी आपला अजून एक संबंध येता येता राहिला. २००९ ला नारायण कार्तिकेयन कोलेस टीमच्या आर१० मध्ये बसणार होता, आणि रेस सुरू व्हायच्या आधी पिटची भिंत ओलांडताना पडून खांदा निखळला. बाकीच्या दोघांनी पूर्ण २४ तास काढले, लॉटरर आणि झ्वोल्समन, आणि सातवे आले. तो लॉटरर पुढे ऑडीचा मोठा माणूस झाला.

पांडवलेणी_एक्सप्रेस

काका, दंडवत. सुईची टेस्ट वाचून मजा आली. या धाग्यावर येत रहा.

गोदाकाठ

काकांनी नारायणचं काढलं म्हणून पुढचं सांगतो. शेवटी ले मान्स चालवणारा पहिला भारतीय ठरला करुण चंधोक, २०१२ ला, जेआरएम टीमच्या एचपीडी गाडीत ब्रॅबहॅम आणि डम्ब्रेकबरोबर, आणि पहिल्याच फटक्यात ओव्हरऑल सहावा. २०१९ ला अर्जुन मैनी एलएमपी२ या दुसऱ्या फळीच्या प्रोटोटाइप क्लासमध्ये होता (प्रोटोटाइप म्हणजे खास रेससाठीच बनवलेली गाडी). २०२१ च्या एशियन ले मान्स सिरीजला तर रेसिंग टीम इंडिया नावाने गाडी उतरली, त्यात नारायण, अर्जुन मैनी आणि नवीन राव. पण हे सगळे लहानपणापासून रेसिंगमध्ये वाढलेले आहेत, धागाकर्त्याच्या साहेबांची गोष्ट वेगळी. त्यांनी पॉल न्यूमन बघावा. हॉलिवूडचा हिरो, चाळिशी पार केल्यावर रेसिंगला लागला, १९७९ ला ले मान्सला पोर्शे ९३५ मध्ये ओव्हरऑल दुसरा आला आणि १९९५ ला वयाच्या ७० व्या वर्षी डेटोनाच्या २४ तासांत क्लास जिंकला. साहेबांना म्हणावं अजून एकतीस वर्षं आहेत, घाई नको.

रॅलीवाला

मी जरा वेगळं बोलतो. नाशकात रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा आम्ही सर्व्हिसला (गाड्यांच्या दुरुस्तीला) असायचो, गावाजवळचे कच्चे रस्ते बंद करून स्टेज (घड्याळ लावून चालवायचे टप्पे) लावायचे, धुरळ्यात काही दिसायचं नाही, गाडी आली की आधी आवाज मग दगड मग गाडी. त्या शाळेतून आलेल्या माणसाला वाटतं सर्किट म्हणजे काय, गोल गोल फिरायचं. तसं नाही ते. रॅलीत तू, को-ड्रायव्हर आणि घड्याळ, स्टेजवर दुसरं कुणी नाही. एन्ड्युरन्सला साठेक गाड्या एकाच वेळी एकाच ट्रॅकवर आणि त्यांच्या स्पीडमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. हौशी ड्रायव्हरची खरी परीक्षा ब्रेकिंग पॉइंटवर होत नाही, आरशात होते. मागून येणारा आत घालणार का बाहेरून जाणार हे ओळखून आपली लाईन न बदलता त्याला जाऊ देणं. जो दचकून बाजूला होतो तोच धडकतो.

पांडवलेणी_एक्सप्रेस

@रॅलीवाला अगदी नेमकं. आकड्यांत सांगतो म्हणजे बाकीच्यांना अंदाज येईल. ले मान्सचा ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा. हायपरकार, म्हणजे सगळ्यात वरच्या क्लासची प्रोटोटाइप, तो साडेतीन मिनिटांच्या आत मारते, जीटी३ ला चार मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे दर लॅपला अर्ध्या मिनिटाचा फरक, म्हणजे एक हायपरकार तुम्हाला दर सात-आठ लॅपला मागे टाकणार. आणि अशा हायपरकार वीसच्या आसपास, शिवाय एलएमपी२ वेगळ्या. आता ब्रॉन्झ माणूस रात्री अडीचला गाडीत बसलाय, डोक्यात रेडिओ बडबडतोय, आणि सारखे मागून पांढरे दिवे. तिथे जीटी गाड्यांचे दिवे पिवळे असतात आणि प्रोटोटाइपचे पांढरे, त्यामुळे निदान काय येतंय ते तरी कळतं.

आता वेळेचं गणित. धरा प्रो लॅपला तीन सेकंद फास्ट आहे आणि एका स्टिंटमध्ये (सलग बसण्याच्या एका पाळीत) तेरा लॅप होतात, म्हणजे हौशी माणसाने तासाभरात ३९ सेकंद घालवले. ते चालतं, कारण समोरच्या टीमचा हौशीपण तेवढेच घालवतोय. पण त्याने एकदा स्पिन करून गाडी ग्रॅव्हलमध्ये रुतवली, ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत थांबला, मग पिटमध्ये जाऊन रेडिएटरमधली खडी काढली, की लॅपच्या लॅप गेले. बाकीच्या दोघांनी जीव काढला तरी ते भरून निघत नाहीत. कीटिंगच्या करिअरमध्ये मला हेच दिसतं, तो सगळ्यात फास्ट ब्रॉन्झ असेल-नसेल पण गाडी धड परत आणून द्यायचा. क्लासचे निकाल बहुतेक वेळा हौशीच्या सहा तासांत ठरतात, हे माझं मत, वाद घालायला तयार आहे.

सिम_वाला_पोऱ्या

भारी धागा!! मी एसीसी या रेसिंग गेमवर रोज जीटी३ चालवतो, लॉजिटेकचं व्हील आहे. स्पाच्या ट्रॅकवर माझा टाइम बऱ्यापैकी आहे. खऱ्या गाडीत किती फरक पडेल? आणि आम्ही काही मित्र रविवारी पहाटे समृद्धीवर जायचा विचार करतोय, इगतपुरीवरून चढायचं, रस्ता रिकामा असतो, हाय स्पीड प्रॅक्टिस होईल का?

रॅलीवाला

नाही होणार. समृद्धीला लिमिट १२० आहे आणि समोरून कंटेनरवाला झोपेत लेन सोडतो तेव्हा तिथे ना मार्शल असतो ना रनऑफ. वेगाची हौस रस्त्यावर भागवणाऱ्याला आम्ही सर्व्हिसमध्ये पाना धरायलासुद्धा घेत नव्हतो. विषय संपला.

कॉलेजरोडची

@सिम_वाला_पोऱ्या रॅलीवाले दादा बरोबर बोलतायत, रागावू नकोस. आता तुझा पहिला प्रश्न. मी फिजिओ आहे म्हणून शरीराच्या बाजूने सांगते. सिमवर ट्रॅक पाठ होतो, ब्रेकिंगची शिस्त येते, हे खरंच उपयोगी आहे आणि प्रो लोकही करतात. पण सिममध्ये तुझ्या मानेवर वजन येत नाही आणि तुझ्या खोलीत पंखा असतो. बंद छताच्या रेस कारमध्ये तापमान सहज पन्नासच्या आसपास जातं, अंगात तीन थरांचा फायरप्रूफ सूट, आतून नोमेक्सचे कपडे, डोक्यावर बालाक्लाव्हा, त्यावर हेल्मेट, मानेला हान्स (मान सांभाळणारी कॉलर). तासाभराच्या स्टिंटला घामाने लिटरभर पाणी सहज जातं आणि त्या अवस्थेत ब्रेक पेडलवर दर वळणाला पूर्ण ताकदीने पाय मारायचा असतो, रेस कारच्या ब्रेकला रोजच्या गाडीसारखी मदत नसते. पंचविशीतला प्रो हे सहन करतो कारण तो दिवसभर तेच करतो. चाळिशीतल्या उद्योजकाला मान, पोट, पोटऱ्या आणि मुख्य म्हणजे झोप यावर वर्षभर काम करावं लागेल. माझ्याकडे येणाऱ्या अंबड-सातपूरच्या मालकमंडळींची कंबर बघता आधी तिथून सुरुवात करा म्हणेन :D

आणि एक, तुम्ही सगळे "माणूस माणूस" करताय म्हणून सांगते. सारा बोवी, बेल्जियमची, ब्रॉन्झ ड्रायव्हर. २०२२ ला मॉन्झाला तिने पोल (क्वालिफाइंगमधला पहिला नंबर) घेतली, डब्ल्यूईसीत बाईने घेतलेली ती पहिली क्लास पोल. आणि २०२३ ला बहारीनला आयर्न डेम्स टीमने जीटीई-एम जिंकली, बोवी, गॅटिंग आणि फ्राय, तिघी बायका. ही वर्ल्ड चॅम्पियनशिपची रेस आहे, प्रदर्शनीय सामना नव्हे.

पांडवलेणी_एक्सप्रेस

ताई, मुद्दा मान्य. बोवीचं उदाहरण अजून एका कारणाने महत्त्वाचं आहे, त्या काळात क्वालिफाइंगला ब्रॉन्झनेच बसायचं असा नियम होता, म्हणजे ती पोल पूर्णपणे तिची स्वतःची.

दुबईकर_नाशिककर

मी मूळचा पंचवटीचा, आता दुबईत. जानेवारीत इथे ऑटोड्रोमवर २४ तासांची रेस असते, २००६ पासून चालू आहे, आणि ती जवळपास सगळी हौशी लोकांचीच रेस आहे. ले मान्ससारखं नाही, पॅडॉकमध्ये तुम्ही चालत जाऊ शकता, गाडीच्या चार हातांवर उभं राहू शकता.

मी बघितलेली एक गोष्ट सांगतो. तिथे पेट्रोल पिटमध्ये भरत नाहीत, सगळ्यांसाठी एकच पंपाची जागा असते आणि पंप आपल्या साध्या पंपासारखेच. म्हणजे पोर्शे, मर्सिडीज, छोट्या टूरिंग कार सगळ्या लायनीत उभ्या. शिवाय या सिरीजमध्ये सेफ्टी कार नसते, अपघात झाला की कोड ६०, जांभळा झेंडा, सगळ्यांनी ६० च्या स्पीडने चालायचं. मग ज्याला त्याला वाटतं की आता टाकी भरून घेऊ आणि पंपावर जी गर्दी होते ती विचारू नका.

आणि ड्रायव्हर बदलताना बघितलं ते तर डोक्यातून जात नाही. एक साठीकडे झुकलेले गृहस्थ, पांढरे केस, गाडी थांबायच्या आधीच आतून पट्टे सैल करत आले होते. दार उघडलं, स्वतःची सीटची फोमची गादी हातात घेऊन बाहेर, पुढचा पोरगा उंच होता म्हणून त्याची गादी वेगळी. पोरगा आत घुसला की हेच काका वाकून त्याचे खांद्याचे पट्टे ओढतायत, पाण्याची नळी हेल्मेटला लावतायत, रेडिओची पिन खोचतायत, कारण नियमाने हात लावायला माणसं कमी असतात आणि उतरणाऱ्यानेच चढणाऱ्याला बांधायचं अशी पद्धत. दार आपटलं, टपावर थाप मारली, गाडी गेली, आणि काका तिथेच गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभे. कुणीतरी बर्फाचा टॉवेल मानेवर टाकला. दोन मिनिटांनी विचारतात काय, तर माझे लॅप टाइम कितीचे पडले.

खान्देशी_तडका

अजित कुमारवाली हीच का रेस? साउथचा तो थाला?

दुबईकर_नाशिककर

हीच. जानेवारी २०२५. प्रॅक्टिसमध्ये त्याची गाडी जोरात धडकली होती, व्हिडिओ सगळीकडे फिरला. तरी रेसला टीम उतरली आणि ९९१ क्लासमध्ये (पोर्शेच्या जुन्या मॉडेलचा क्लास) तिसरी आली. स्टँडमध्ये तमिळ पब्लिक एवढं की मला वाटलं मी चेन्नईत आहे. काही म्हणा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, हातात सिनेमाचा धंदा, तरी स्वतःची टीम काढून उतरतो. लोकांनी नावं ठेवली की हिरोचं नाटक आहे, पण हाच गडी २०१० ला एफआयए फॉर्म्युला २ मध्ये चालवून आलाय, ते कुणी बघत नाही.

गोदाकाठ

तीन ड्रायव्हर कशाला, एकाने चालवली तर काय होतं, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. १९५२, ले मान्स, पियेर लेव्हेग. फ्रेंच माणूस, स्वतःच्या टॅल्बोमध्ये. जोडीदार होता पण त्याला बसूच दिलं नाही, एकट्याने तेवीस तास चालवली, आणि तेही पहिल्या नंबरवर, चांगल्या चार लॅपच्या आघाडीने. शेवटचा तासभर उरला असताना गिअर चुकला आणि इंजिन गेलं. मर्सिडीज एक-दोन आली. त्याच मर्सिडीजने पुढे त्याला १९५५ साठी बोलावलं आणि त्या वर्षी जे झालं ते मोटर रेसिंगचा सगळ्यात वाईट दिवस, ८० हून जास्त प्रेक्षक गेले, लेव्हेगही गेला. आता नियम असा की सहा तासांच्या खिडकीत एका ड्रायव्हरने चार तासांपेक्षा जास्त चालवायची नाही आणि एकूण चौदाच्या वर नाही.

खान्देशी_तडका

हे वाचून गप बसलो भो. बरं आता सरळ सांगा, समजा माझ्याकडे पैसा आहे (नाहीये), मी ३९ चा आहे (आहे), आणि राहतो इथेच. सोमवारी सकाळी उठून काय करू?

रॅलीवाला

हे विचारलंस ते बरं केलंस. सोमवारी सकाळी पहिलं काम, कार्टिंग. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, नाशिकहून एका दमात गाठता येतो. भाड्याच्या कार्टमध्ये पंधरा मिनिटं सलग चालवून बघ, हात भरून येतात का बघ. बऱ्याच जणांची हौस तिथेच फिटते आणि ते स्वस्तात फिटलेलं बरं.

त्यानंतर लायसन्स. आपल्याकडे एफएमएससीआय ही देशाची मोटरस्पोर्ट संघटना देते, त्यासाठी ट्रेनिंग स्कूल आणि मेडिकल. ट्रॅक म्हणशील तर कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, छोटा आहे, २.१ किलोमीटर, पण शिकायला उत्तम कारण चूक लपत नाही. दुसरा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा, तो ३.७ चा. आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध, जिथे २०११ ते २०१३ एफ१ झाली. महाराष्ट्रात मोठ्या ट्रॅकची वानवाच, गाड्या बनवतो आपण आणि चालवायला जातो तमिळनाडूत, यावर वेगळा धागा काढा, मी तिथे शिव्या घालीन. जेके टायरच्या नोव्हिस कपमध्ये फॉर्म्युला एलजीबी चालवायला मिळते, स्विफ्टच्या इंजिनची. तिथे विशीतली पोरं तुला धुवून काढतील, तयारी ठेव.

पांडवलेणी_एक्सप्रेस

रॅलीवाल्यांच्या पुढची पायरी मी जोडतो. दोन-तीन सीझन इथे काढल्यावर बाहेर. थेट जीटी३ नको, जीटी४ (एक पायरी हळू) किंवा छोट्या क्लासची गाडी. अखिल रवींद्र युरोपात अॅस्टनची जीटी४ चालवून आलाय, तो प्रो आहे, पण रस्ता तोच. जर्मनीत नुरबर्गरिंगला तर हौशी लोकांचं माहेरघर आहे, नॉर्डश्लाईफे २०.८ किलोमीटर, आणि तिथे कितीही पैसे असले तरी परमिट लागतं, आधी छोट्या गाडीत रेस पूर्ण करून दाखवायच्या मग मोठी गाडी. ही सिस्टिम मला सगळ्यात आवडते. पैशाने तिथे रांग मोडता येत नाही.

आमच्या साहेबांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले आधी जिम लावतो. आता लावली की नाही ते विचारायची हिंमत नाही, अप्रेझल जवळ आलंय.

सिम_वाला_पोऱ्या

समृद्धीचं कॅन्सल केलं. कोल्हापूरला जातोय. एक शंका, मुद्दाम हळू चालवून ब्रॉन्झ राहता येतं का? म्हणजे फास्ट असून पण?

गोदाकाठ

पोराला बरोबर भोक सापडलं. लोक प्रयत्न करतातच, पॅडॉकमध्ये कायम कुणाच्या तरी नावाने बोंब असते की हा कसला ब्रॉन्झ, हा तर गोल्डच्या टाइमने पळतोय. एफआयए लॅप टाइम बघून वरच्या गटात ढकलते. आणि ढकललं की त्या माणसाचा बाजारभाव एका रात्रीत पडतो, कारण टीमला फास्ट ब्रॉन्झ हवा असतो, हळू सिल्व्हर कुणाला नको. विचित्र धंदा आहे, प्रमोशन झालं की नोकरी जाते.

मायको_सर्कल

माझ्या मते यात गैर काही नाही. आमच्याकडे सुद्धा काही कामगार मुद्दाम कोट्याएवढंच काम करायचे, जास्त केलं की रेट सेट करणारा माणूस घड्याळ घेऊन येईल म्हणून. सगळीकडे तेच. मला एवढंच विचारायचंय की यंदाची ले मान्स कुठे बघायला मिळेल. नातू म्हणतो मोबाईलवर लावून देतो पण मला मोठ्या पडद्यावर बघायचीये.

दुबईकर_नाशिककर

काका, जूनमध्ये असते, शनिवारी तिथल्या चारला सुरू, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. रविवारी संध्याकाळी साडेसातला संपते. मी त्या आठवड्यात नाशकातच आहे. पंचवटीत आमची गच्ची मोकळी आहे, पाऊस आला तर खालच्या हॉलमध्ये. प्रोजेक्टर कुणाकडे आहे का? स्क्रीन मी बघतो.

कॉलेजरोडची

प्रोजेक्टर क्लिनिकचा आहे, आणते. पण शिफ्ट लावा, सगळे एकदम रात्रभर जागू नका. तीन-तीन तासांच्या लावल्या तर जमेल. काकांना रात्रीची शिफ्ट नको.

मायको_सर्कल

मला रात्रीचीच द्या. थर्ड शिफ्टची सवय आहे.

खान्देशी_तडका

मी सकाळी सहाची घेतो, येताना मिसळ आणतो सगळ्यांना, किती जण ते सांगा. आणि पाव एक्स्ट्रा लागतील का तेपण आत्ताच लिहा, तिथे आल्यावर भांडायचं नाही.